लेकीचं हृदयाचं ऑपरेशन: सोयाबीन आधी की मुंबई आधी?

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातून एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांना तिच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला, परभणीच्या सिव्हिलला टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली आणि हृदयाच्या पडद्याला सात मिलिमीटरचं छिद्र निघालं. ऑपरेशन लागेल, मुंबईला जा, असं सांगितलं. तीन एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन उभं. घरी दीड वर्षाचा धाकटा. पैसे किती लागतील, राहायचं कुठे, कोणी कोणी जायचं, आणि सोयाबीन काढून दिवाळीनंतर गेलं तर चालेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत. मुलीला समुद्र बघायचा आहे, हेही शेवटी लिहिलं आहे.

दादा, मुंबईतल्या रुग्णालयांत मी बावीस वर्षं वैद्यकीय समाजसेविका होते. कागदावर पद मोठं असतं, वॉर्डात सगळे ‘सोशल वर्कर मॅडम’ म्हणतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे छिद्राबद्दलचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण लेकराला घेऊन गावाकडून आलेली माणसं कुठे अडतात ते मी रोज पाहिलं आहे. ती ऑपरेशनपाशी फार कमी वेळा अडतात. रेशनकार्डावरच्या नावापाशी अडतात, लेकराच्या सर्दीपाशी अडतात, ‘चार दिवसांत येतो’ असं घरी सांगून निघाल्यामुळे अडतात.

सोयाबीनचं आधी बोलू, कारण बाकीचं त्यावर बेतलेलं आहे. मुंबईच्या दोन फेऱ्या होतात. पहिली दाखवायची, दुसरी भरती व्हायची. बहुतेक लोक पहिल्याच फेरीला ऑपरेशन उरकून येऊ म्हणून गाठोडी बांधून निघतात, आणि फसगत होते ती तिथेच. पहिल्या दिवशी केसपेपर, ओपीडी. मग इको पुन्हा करतात. परभणीचा चुकला म्हणून नव्हे, ज्यांना ऑपरेशन करायचं त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं. मग रक्त, एक्सरे, हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांची एकत्र चर्चा, सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी, आणि त्यानंतर तारीख. ती तीन आठवड्यांनी मिळते, कधी चार महिन्यांनीही. म्हणून पहिली फेरी आत्ता, दोन-तीन दिवसांची, हलक्या सामानानं करा. सोयाबीन उभं असतानाच. तुमची दुसरी फेरी बहुधा काढणीनंतरच येईल, पण ती तारीख डॉक्टरांनी दिलेली असेल, तुम्ही मनानं ठरवलेली नसेल.

हा फरक मोठा आहे. हृदयाच्या डाव्या बाजूचं रक्त जोरात असतं. छिद्र असलं की त्यातलं काही उजवीकडे शिरतं आणि तिथून फुप्फुसात जातं. फुप्फुसाच्या नळ्यांवर वर्षानुवर्षं जादा दाब राहिला की त्या जाड होतात, आणि एका हद्दीपलीकडे गेल्या की छिद्र बुजवणंच धोक्याचं ठरतं. अशा लेकरांच्या घरच्यांना ‘आता उशीर झाला’ असं सांगताना मी डॉक्टरांशेजारी बसलेली आहे. तेव्हा पहिल्या फेरीत डॉक्टरांना सरळ विचारा: फुप्फुसातला दाब किती वाढलाय? किती आठवडे थांबलेलं चालेल? तोवर औषध द्यायचं का? छाती न उघडता मांडीच्या नसेतून छत्री, म्हणजे छत्रीसारखं उघडणारं झाकण, बसवून हे छिद्र बंद होईल का? सगळ्या छिद्रांना छत्री चालत नाही, पण विचारायला काय जातं. ‘अमक्याच्या पोराचं आपोआप बुजलं’ असं गावात कोणीतरी सांगेलच. लहान छिद्रं बुजतात हे खरं आहे, पण बहुतेक करून पहिल्या दोन-चार वर्षांत. तुमची मुलगी सहाची आहे आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय.

आणखी एक गोष्ट निघण्याआधी सिव्हिलमध्ये विचारून घ्या. मुंबईच का? योजनेतली रुग्णालयं पुण्यात, नाशिकला, संभाजीनगरलाही आहेत. काही ठिकाणी मुलांच्या हृदयाचं काम रोजचं असतं, काही ठिकाणी क्वचित, म्हणून डॉक्टर मुंबई सुचवतात ते बरोबरही असेल. पण ‘मुंबईला जा’ एवढ्यावर निघू नका. कुठलं रुग्णालय, कुठल्या विभागात, कुठल्या वारी, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. मुंबईत मोठ्या रुग्णालयांच्या ओपीडीचे वार ठरलेले असतात. चुकीच्या वारी पोचलात तर आठवडा गेला.

शाळेत आलेलं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. २०१३ साली हा कार्यक्रम आपल्या पालघरमधूनच देशभर सुरू झाला. अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांना तपासून जन्मजात दोष हुडकायचे, आणि सापडले की उपचारांपर्यंत न्यायचं, हे दोन्ही त्यांचं काम आहे. लोकांना पहिलंच ठाऊक असतं. त्यामुळे त्या पथकातल्या डॉक्टरांचा नंबर जपून ठेवा. सिव्हिलमध्ये त्यांचं केंद्र असतं, तिथून मुंबईच्या रुग्णालयाशी आधी बोलून ठेवता येतं. मुलं गाडी करून एकत्र नेण्याची सोयही काही वेळा होते. तुम्ही एकटे दादरला उतरून विचारत विचारत जाणं आणि यादीत नाव असताना जाणं, यात अक्षरशः महिन्यांचा फरक पडतो.

आता कागद. इथे जरा सावकाश वाचा.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नांदेड त्यात होतं, परभणी नव्हतं. तेव्हा परभणीचे लोक आमच्या टेबलापुढे यायचे आणि त्यांना ‘तुमचा जिल्हा यादीत नाही’ असं सांगावं लागायचं. पुढच्या वर्षी ती सगळ्या राज्याला लागू झाली. आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार तीत बसतो, आणि जन्मजात हृदयदोषाच्या शस्त्रक्रिया तिच्या यादीत आहेत. योजनेतल्या रुग्णालयात दाराजवळ ‘आरोग्यमित्र’ असं लिहिलेलं टेबल असतं. भरती होण्याआधी तिथे नोंद झाली पाहिजे. नोंद, मग मंजुरी, मग ऑपरेशन, हा क्रम. आधी रोख भरून ‘नंतर योजनेतून परत मिळवू’ असा बेत करू नका. तसं परत मिळत नाही.

अडतं कुठे सांगते. रेशनकार्डावर मुलीचं नावच नसतं. लग्नानंतर बायकोचं नाव चढवलेलं नसतं. कार्डावर मुलीचं नाव ‘राणी’, आधारवर ‘राजनंदिनी’, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. घरात तिची हाक एक, कागदावरचं नाव दुसरं, आणि शस्त्रक्रियेच्या मंजुरीला तिन्ही जुळावी लागतात. याच आठवड्यात तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन तिचं नाव कार्डावर आहे ना आणि कार्डाला बारा आकडी ऑनलाइन क्रमांक मिळालाय ना ते पाहा. नसेल तर नाव चढवून घ्या, सोबत सिव्हिलची चिठ्ठी न्या. आजारपणाचा कागद दिसला की तिथली फाइलही जरा वेगानं हलते. आधारवर जन्मतारीख चुकली असेल तर तेही आत्ताच. हे काम जिंतुरात दोन चकरांत होतं. मुंबईत मोठी रुग्णालयं आहेत त्या परळच्या फुटपाथवर बसून गावातल्या भावाला फोनवर सांगून करायचं म्हटलं की पंधरा दिवस जातात. हे मी अंदाजानं लिहीत नाही.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवा, योजनेला तो लागला नाही तरी. काही कारणानं योजना अडली तर तो उपयोगी पडतो. मुंबईतली बरीचशी मोठी खासगी रुग्णालयं धर्मादाय न्यासांची आहेत. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानं ठरलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर पहिल्या गटात, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुसऱ्या. ‘खाट शिल्लक नाही’ हे उत्तर तिथे हमखास मिळतं. तेव्हा मोठ्यानं बोलू नका. तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच मागा. पोच मागितली की उत्तर बदललेलं मी पाहिलं आहे. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही असतो, पण तो उपचार चालू असतानाच करायचा, कारण पैसे थेट रुग्णालयाला जातात, घरी गेल्यावर तुमच्या हातात येत नाहीत. आणि खारघरला श्री सत्यसाई संजीवनी रुग्णालय आहे. तिथे मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया पूर्ण मोफत होतात, बिलाची खिडकीच नाही. सिव्हिलच्या डॉक्टरांना त्याबद्दलही विचारा.

आणि दलाल. मोठ्या रुग्णालयांच्या गेटावर ‘गावाकडचे का? कोणता वॉर्ड? बेड मिळवून देतो’ म्हणणारा माणूस भेटतो. तो मराठीच बोलेल, कदाचित तुमच्याच भागातला निघेल. त्याला एक रुपया देऊ नका आणि फाइल हातात देऊ नका. योजनेतल्या उपचारासाठी कोणीही पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन करा. सही करण्याआधी करा, नंतर नको.

मोबाइलवरून वर्गणी गोळा करून देणाऱ्या कंपन्यांची माणसंही हल्ली वॉर्डाबाहेर भेटतात. त्यानं जीव वाचलेली लेकरं मी पाहिली आहेत, म्हणून सरसकट नाही म्हणत नाही. पण तुमच्या मुलीचा आजार योजनेत बसणारा आहे. तिचा नळ्या लावलेला फोटो जगभर फिरेल आणि ती मोठी झाल्यावरही तिथेच असेल. योजना, धर्मादाय, निधी हे सगळे दरवाजे वाजवून झाल्यावरच तिकडे वळा.

मग खर्च कशाला येतो? राहणं, खाणं, येणं-जाणं, बाहेरून आणायला सांगितलेली एखादी चिठ्ठी, आणि बुडालेली रोजी. दोन माणसं साधेपणानं राहिली तरी रोजचे पाच-सातशे जातातच, असा माझा हिशेब. दुसऱ्या फेरीला पंचवीस-तीस हजार खात्यात असू द्या. खात्यात म्हणते, कमरेला नव्हे. वॉर्डाबाहेर झोपलेल्या माणसाची पिशवी चोरीला जाणं ही नवलाची गोष्ट नाही. त्यासाठी जनावर विकू नका, सावकाराकडे तर जाऊच नका. मागितलं तर गाव आणि सोयरे एवढं उभं करतात. आपल्याकडे मागायचीच लाज वाटते, ती लेकरासाठी बाजूला ठेवा. योजनेत रुग्णाचं जेवण आणि घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही धरलेलं असतं. डिस्चार्जच्या दिवशी हे भाडं मागणारी घरं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. तुम्ही मागा.

प्रवास. परभणीहून देवगिरी किंवा नंदीग्राम, रात्रीची गाडी. हृदयाच्या शस्त्रक्रियेला जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी ठरावीक नमुन्यातला फॉर्म डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानं लागतो आणि तिकीट खिडकीवरच काढावं लागतं, मोबाइलवर नाही. करोनाच्या काळात बऱ्याच सवलती बंद झाल्या, रुग्णांची चालू राहिली. खिडकीवरचा माणूस ‘बंद झाली’ म्हणाला तर आरक्षण पर्यवेक्षकाला भेटा. जनरलच्या डब्यात मुलीला घालू नका. पैशाचा सवाल नाही, खोकल्याचा आहे. खारघरला जायचं असेल तर ठाण्याला उतरून पनवेलची लोकल मिळते, मुंबईत शिरायचं कारण नाही. परळला जायचं असेल तर दादर.

खोकल्यावर आलेच आहे तर हेच सर्वांत महत्त्वाचं समजा. तारखेच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, सर्दी, छातीत कफ झाला की भूल देणारे डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलतात, आणि ते बरोबरच असतं, कारण श्वासाच्या मशीनवरून उतरताना तीच फुप्फुसं दगा देतात. विदर्भातलं एक कुटुंब शेळ्या विकून आलं. पोरगं गाडीत शिंकायला लागलं, परत गेले. दुसऱ्यांदा आले तर डोक्यात उवा आणि खाजवून झालेली जखम, पुन्हा तारीख पुढे. तिसऱ्या वेळी झालं. त्या वडिलांनी मला विचारलं होतं, ‘मॅडम, हे आधी कोणी का सांगितलं नाही?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तुम्हाला आधी सांगते. तारीख मिळाली की पंधरा दिवस तिला लग्नात, जत्रेत, गर्दीच्या सप्त्यात नेऊ नका. शाळेतही निदान आठवडाभर नको. केस स्वच्छ, नखं कापलेली, अंगावर कुठे पुळी-गळू नको. आणि दात. किडलेल्या दाताचे जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोचतात, म्हणून ऑपरेशनआधी दातांच्या डॉक्टरांचा शेरा मागतात. सिव्हिलमध्ये दात आत्ताच दाखवा, तिथे हृदयाचं सांगून. कोणाचं झाडपाल्याचं औषध चालू असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. लपवायचं कारण नाही, ते रागावले तरी घटकाभर रागावतील.

राहायचं कुठे? पहिल्या फेरीत सोयऱ्यांकडे राहिलात तरी चालेल. जिंतूर-परभणीचे लोक कल्याण, नवी मुंबईत कमी नाहीत. दुसऱ्या फेरीत मात्र लांबच्या सोयऱ्यांपेक्षा जवळची धर्मशाळा बरी. कल्याणहून परळला सकाळच्या लोकलनं डबा घेऊन रोज यायचं म्हणजे काय असतं ते एकदा करून बघितल्याशिवाय कळत नाही. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळा आहेत. जेजे रुग्णालयाजवळची आणि दादरची अजून चालू आहेत, पण दादरला कॅन्सरच्या रुग्णांचीच गर्दी असते. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. कुठेही रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते, म्हणून पहिल्या फेरीतच आमच्यासारख्या माणसाला गाठून तारीख सांगून ठेवा. जागा मिळेलच असं नाही. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात चटई टाकून रात्री काढणारे बाप कायम असतात, तेव्हा एक सतरंजी, एक चादर आणि डासांची उदबत्ती घेऊन या.

कोणी यायचं? मुलांच्या वॉर्डात रात्री एकच माणूस, आणि ती बहुधा आईच. धावपळीला तुम्ही. बस. ऑपरेशनच्या दिवशी रक्तदानाला आणि आधाराला मामा-काका आले तर हरकत नाही, पण दुसऱ्या दिवशी परत. आजी-आजोबांना आणू नका. त्यांची तब्येत, त्यांचा डबा, त्यांचं रडणं हे सगळं तुमच्याच अंगावर येईल. धाकट्याला वॉर्डात घेत नाहीत. तो अंगावर पीत असेल तर आईची दोन्हीकडून ओढाताण होते. त्याला आजीची सवय निघायच्या दिवशी लावू नका, पंधरा दिवस आधीपासून रात्री आजीजवळ झोपवा. आणि घरी ‘दहा दिवस’ सांगू नका. डॉक्टर सात ते दहा म्हणाले तर तुम्ही घरी वीस सांगा. अकराव्या दिवशी फोनवर ‘अजून किती?’ हा प्रश्न आला की आईचा धीर सुटतो.

रक्ताबद्दल. रक्तपेढी तिला लागेल तेवढं देते आणि बदल्यात दाते मागते. दात्याचा गट तिच्या गटाशी जुळायची गरज नसते, कुठलाही चालतो. तरी दोन रात्रींच्या जागरणानं थकलेल्या, उपाशी बापानं स्वतः द्यायला जाऊ नये. गावातली जी पोरं मुंबईत कामाला आहेत, त्यांची चार नावं आत्ताच लिहून ठेवा.

मुलीला काय सांगायचं, हे तुम्ही विचारलंच नाही. सहसा कोणी विचारत नाही. ‘फिरायला चाललोय’ म्हणून आणलेली एक मुलगी मला आठवते. राणीची बाग दाखवली आणि तिथून थेट वॉर्डात. ऑपरेशन छान झालं, पण चार दिवस ती आईशी बोलली नाही. पाणी नर्सच्या हातचं प्यायची. सहा वर्षांच्या लेकराला सगळं कळतं. निघायच्या दोन-तीन दिवस आधी सांगा: तुझ्या छातीत एक छोटं भोक आहे, त्यामुळे तू पळताना दमतेस. डॉक्टर तुला झोपवतील, तेव्हा काही दुखणार नाही, आणि ते शिवून टाकतील. उठशील तेव्हा आई लगेच नसेल, नर्सताई असेल, थोडं दुखेल, त्यावर औषध देतील. छातीवर एक रेघ राहील. तिनं विचारलं ‘मी मरेन का?’ तर गप्प बसवू नका. ‘डॉक्टरांनी अशी खूप मुलं बरी केलीत, म्हणून तर आपण इतक्या लांब आलोय’ असं सांगा. घरचं एक पांघरूण किंवा बाहुली आणा, नवी नको, रोजचीच.

ऑपरेशनच्या दिवशी पोट रिकामं लागतं. साधारण सहा तास आधी दूध-बिस्किट बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, पण नक्की वेळ वॉर्डात सांगतील तीच. भुलेत असताना पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. एका आजोबांनी पहाटे पाचला, नातू रडतोय म्हणून, चहात बुडवून बिस्किट भरवलं आणि विचारल्यावर ‘काही नाही दिलं’ म्हणाले. नातवानंच सांगून टाकलं, म्हणून वाचला. ऑपरेशन त्या दिवशी झालं नाही.

थिएटरमध्ये नेल्यापासून बाहेर येईपर्यंत पाच-सहा तास जातात. त्यात ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसाचं काम करणारं मशीन जोडणं, उतरवणं, सगळं आलं. उशीर म्हणजे वाईट असं समजू नका. आयसीयूत पहिल्यांदा बघायला सोडतील तेव्हा मन घट्ट करून जा: तोंडात श्वासाची नळी, छातीतून निघालेल्या नळ्या, त्यात लालसर पाणी, चेहरा सुजलेला. हे सगळं अपेक्षित असतं. आईला आत नेण्याआधी हे शब्दांत सांगा, कारण दारातच कोसळणाऱ्या आया मी सावरल्या आहेत. सगळं ठीक असलं तर दोन-तीन दिवसांत वॉर्डात आणतात.

सहीच्या कागदाबद्दल: संमतीपत्रावर धोका लिहिलेला असतोच, तो वाचून घाबरू नका आणि न वाचता सहीही करू नका. मराठीत मागा. मराठी प्रत नसेल तर डॉक्टरांना मराठी-हिंदीत समजावून सांगायला लावा. तुमच्या मंडळींना मराठीशिवाय येत नाही म्हणून काळजी करू नका, वॉर्डातल्या मावश्या आणि बऱ्याच सिस्टर मराठीच असतात.

छातीच्या रेघेवरून एक बोलते. पोरगी आहे म्हटल्यावर कोणीतरी बाई म्हणेल, ‘लग्नाचं कसं व्हायचं?’ त्या भीतीनं ऑपरेशन टाळणारी, आणि झाल्यावर मुलीला गळ्यापर्यंत बंद कपड्यांत वाढवणारी घरं मी पाहिली. ज्यांच्या साध्या छिद्राचं वेळेत ऑपरेशन होतं, त्या मुली पळतात, शिकतात, त्यांना पुढे मुलंबाळंही होतात. व्रण दहा वर्षांत फिका होतो. लपवायला शिकवलं की मात्र तो मनात गडद होत जातो. तुमच्या घरात पहिल्या दिवसापासून ती गोष्ट उघड असू द्या.

घरी नेताना डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव, औषधांचं प्रमाण, पुढच्या तपासणीची तारीख आणि रात्री-अपरात्री लावायचा फोन नंबर आहे का ते बघूनच उठा. नसेल तर लिहून घ्या. सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये. छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर तिला बगलेत हात घालून उचलायचं नाही, एक हात पाठीखाली आणि एक बुडाखाली घालून उचला. सायकल नाही, झाडावर चढणं नाही, दप्तर नाही. शाळेतल्या गुरुजींना जाऊन सांगा.

ताप आला, जखमेतून पाणी आलं, धाप लागली, लघवी कमी झाली तर त्या नंबरवर फोन. एक गोष्ट तुमच्या गावच्या डॉक्टरांनाही दाखवून ठेवा: पहिल्या महिना-दीड महिन्यात बारीक ताप, सुस्ती, उलटी, छातीत दुखणं असं झालं तर ती नुसती व्हायरलची साथ म्हणून सोडू नये. हृदयाभोवती पाणी जमलेलं असू शकतं, इको करून बघावा लागतो. सुधारतेय म्हणून सगळे निर्धास्त असतात आणि नेमकं तेव्हाच हे निसटतं. पहिले सहा महिने दातांचं काही काम निघालं तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, त्याआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. गोवराची लस राहिली असेल तर तीही विचारून, कारण रक्त दिल्यानंतर ती काही महिने पुढे ढकलतात.

आणि समुद्र. तो पहिल्या फेरीत दाखवा. परळहून दादर चौपाटी जवळ आहे, ओपीडी दुपारी उरकली की टॅक्सीनं जाता येतं. उन्हं उतरल्यावर जा, पाण्यात पाय बुडवू द्या, भेळ देऊ नका. दुसऱ्या फेरीत समुद्र नको. भरती व्हायच्या आधी सर्दीची भीती, आणि परतताना जखम ओली असते. तेव्हा डिस्चार्जनंतर थेट गाडी पकडा आणि तिला खालचा बर्थ द्या.